आधी उसवायला शिकवायचं: बॉबिन लेसच्या वर्गाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, बेडफर्ड, इंग्लंड

सप्टेंबरच्या शेवटी कम्युनिटी सेंटरमध्ये शनिवार सकाळचा वर्ग सुरू होतोय. सगळे नवशिके. शिकवायचं मी कबूल केलंय, तेव्हा आधी स्वतःचा हात परत बसवायला हवा. बॉबिन लेस मी याच गावात शिकले, नव्वदच्या दशकात, संध्याकाळच्या वर्गात. पुढे नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण. लेस विणायची उशी कपाटावर गेली ती तिथेच राहिली.

आज ती खाली काढली. जुन्या पद्धतीची आहे, काड ठासून भरलेली. अंगठ्याने दाबली तर दबत नाही, आणि दबू नयेच. टाचणी ताठ उभी राहायची तर उशी घट्ट लागते. वरचं कापड विरलंय, ते बदलेन. उशीवर टॉर्शन लेसची, म्हणजे तिरक्या चौकटीवरच्या साध्या लेसची, अर्धी पट्टी होती तशीच आहे, टाचण्या रोवलेल्या, बॉबिन्स कापडात बांधलेल्या. पितळी टाचण्यांवर हिरवट थर चढलाय आणि काही ठिकाणी तो दोऱ्यात उतरलाय. दोरा मात्र कुठे तुटलेला नाही.

घरी येणाऱ्यांना हे काम दाखवलं की ‘क्रोशाचं का?’ असं विचारतात. क्रोशात एक दोरा, एक हूक. इथे हूक नाही आणि गाठही नाही. प्रत्येक दोरा आपापल्या बॉबिनवर गुंडाळलेला, बॉबिन्स जोडीजोडीने टाचण्यांना अडकवून खाली सोडलेल्या. त्या दोन्ही हातांनी एकमेकींवरून टाकत गेलं की टाचण्यांभोवती जाळी तयार होते. आमच्या भागातली बॉबिन म्हणजे बोटाएवढी बारीक लाकडी किंवा हाडाची काडी. तिच्या शेपटाला मण्यांचं कडं असतं, त्याला स्पँगल म्हणतात. त्याने दोऱ्याला वजन मिळतं आणि बॉबिन उशीवर गडगडत नाही. डेव्हनमधल्या हॉनिटन लेसच्या बॉबिन्सना मणी नसतात आणि टोक निमुळतं असतं, कारण तिथे बॉबिन मधूनमधून विणलेल्या फासातून ओवून काढावी लागते. मणी असते तर ती अडकली असती.

२० ऑगस्ट

दोन दिवस ती अर्धी पट्टी नुसती बघतेय. कुठली जोडी कुठून आली, शेवटचा टाका पुरा झाला होता की नाही, ते कळत नाही. नमुना समोर आहे, पण हात कुठल्या टाचणीपाशी थांबला होता ते नमुना सांगत नाही. दोन रस्ते आहेत. सगळं कापून नव्याने सुरू करायचं, किंवा ओळखीची ओळ लागेपर्यंत उसवत मागे जायचं.

उसवायला बसले.

बॉबिन लेसमध्ये हालचाली दोनच. चार बॉबिन्स समोर ठेवा. मधल्या दोघींपैकी डावी उजवीवरून टाकली की क्रॉस. दोन्ही जोड्यांत उजवी डावीवरून टाकली की ट्विस्ट. जगातल्या कुठल्याही बॉबिन लेसमध्ये तिसरी हालचाल नाही. क्रॉस-ट्विस्ट केलं की हाफ स्टिच, क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस केलं की क्लॉथ स्टिच. म्हणून उसवणंही तितकंच सरळ आहे. क्रॉस मागे घ्यायचा तर मधल्यांत उजवी डावीवरून. ट्विस्ट मागे घ्यायचा तर दोन्ही जोड्यांत डावी उजवीवरून. म्हणजे उलट जाताना मधल्या बॉबिन्स ट्विस्टची चाल चालतात आणि कडेच्या क्रॉसची. हे हाताला समजलं की पुढे अडत नाही. टाचणी मात्र तिची पाळी आल्यावरच काढायची. तिच्यानंतरचा टाका आधी उसवायचा, मग टाचणी, मग तिच्याआधीचा टाका. टाचणी घाईने उपटली तर फास ढिला पडतो आणि मग काहीच वाचता येत नाही.

२३ ऑगस्ट

पंख्याच्या आकाराच्या सुरुवातीपर्यंत मागे आले आणि तिथे एकदम सगळं कळायला लागलं. ही आडवी ये-जा करणारी धावती जोडी, या तिच्या वाटेतल्या उभ्या जोड्या, ही उजवीकडची सरळ कड. (इंग्लंडमध्ये सरळ कड उजवीकडे ठेवतात, युरोपात बहुतेक ठिकाणी डावीकडे.) तिथून पुढे विणायला लागले. डाग पडलेला भाग राहू दिला.

वर्गाबद्दल एक गोष्ट आज पक्की केली. पहिल्याच दिवशी उसवायला शिकवायचं, विणण्याच्या बरोबरीने. आमच्या बाई हाताच्या फार हुशार होत्या. कुणाचं चुकलं की त्या स्वतः त्या खुर्चीत बसायच्या आणि भराभर मागे नेऊन द्यायच्या. आम्ही भोवती उभं राहून बघायचो. घरी चुकलं की आठवडाभर उशी झाकून ठेवायची, शनिवारची वाट बघायची. वर्ग सोडून गेलेल्या बऱ्याच जणी घरी असंच काहीतरी झाल्यावर गेल्या. ज्या कामात दोरा कापला जात नाही, गाठ मारली जात नाही, त्यात मागे जाण्याची भीती वाटायला नको. ती वाटते, कारण कुणी शिकवलेलंच नसतं.

१ सप्टेंबर

वर्गासाठी उशा. काडाची उशी नवशिक्याला जड आणि महाग पडते. भिंतीत घालतात ते पॉलिस्टायरीन स्वस्त मिळतं, पण त्याला टाचण्यांची भोकं पडून वर्षा-दोन वर्षांत मधला भाग भुसभुशीत होतो. एथाफोम नावाचा दाट फोम टिकतो; टाचणी काढली की भोक जवळजवळ बुजतं. एथाफोमच्या जाड चकत्या घेतल्या, कडा उतरत्या केल्या म्हणजे बॉबिन्स बाजूला पसरतील, आणि वर गडद निळं सुती कापड ताणून बसवलं. पांढऱ्या दोऱ्याखाली पांढरं कापड कधी घालू नये, डोळे थकतात.

संध्याकाळी स्पँगल्स ओवल्या. या भागात पूर्वी त्यासाठी खास मणी करत. काच तापवून मऊ असतानाच कानशीने चारी बाजूंनी दाबत, म्हणून मणी चौकोनी होई आणि त्यावर कानशीच्या रेघा उमटत. जुन्या बॉबिन्सवर अजून दिसतात. तळाशी एक मोठा मणी, दोन्ही बाजूंनी हे चौकोनी. माझ्याकडे तुटलेल्या माळांचे काचमणी आहेत, तेच वापरले. प्रत्येक उशीला एक बॉबिन लाल मण्यांची ठेवली, ती धावत्या जोडीसाठी. का, ते वर्गात कळेल.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले, आज सकाळपासून येणं-जाणं. दुपारी नमुने टोचले. नमुन्याचा कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा, वर निळसर पारदर्शक फिल्म, मग प्रत्येक ठिपक्यावर सुईने भोक. याला प्रिकिंग म्हणतात, आणि ते अचूक असेल तर निम्मी लेस तिथेच सरळ होते. टॉर्शनचे ठिपके ४५ अंशांच्या चौकटीवर असतात. म्हणून नवशिक्यांना तीच द्यावी. आलेख कागदावर कुणालाही काढता येते.

दोरा पर्ल कॉटन ८ नंबर. नमुन्याला दोरा बसतो की नाही हे बघायला पट्टीवर त्याचे वेढे शेजारी शेजारी घालायचे. टॉर्शनला बारा वेढ्यांची रुंदी कडेच्या दोन टाचण्यांमधल्या अंतराएवढी भरली तर दोरा बरोबर. जास्त भरली तर जाळी गच्च होते, कमी भरली तर लुळी.

२८ सप्टेंबर, पहिला वर्ग

निवृत्त ट्रकचालक, रुग्णालयात रात्रपाळी करणारी नर्स, शाळेत गणित शिकवणारी एक, कॉलेजातली दोघं मुलं. आणि इचलकरंजीच्या मावशी. सून इथे नोकरीला, तिच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्यात. सुनेने आदल्या दिवशी फोन केला, “काकू, आईंना इंग्रजी येत नाही, चालेल ना? घरात बसून कंटाळल्यात.” म्हटलं, हात चालतात ना, मग आण.

विणायला सुरुवात करायच्या आधी चार जाड रंगीत दोऱ्या टेबलावर टाचल्या. लाल, निळी, पिवळी, हिरवी. क्रॉस, ट्विस्ट, क्रॉस. मग उलट. मग परत. रंग जागेवर आले की बरोबर. तास तिथेच गेला आणि मी घाई केली नाही. गणिताच्या बाईंनी उलट चाल स्वतः शोधली आणि शेजारच्या मुलाला समजावली. ट्रकचालकांची बोटं जाड आहेत, त्यांना बॉबिन चिमटीत धरायची सवय मोडायला लागली. स्पँगलवाली बॉबिन उचलायचीच नसते, तळहात खाली ठेवून उशीवरून सरकवायची. एक मुलगा डावखुरा. त्याच्यासाठी काहीही बदलावं लागत नाही, कारण दोन्ही हातांना सारखंच काम असतं.

मग बॉबिन्स भरल्या. मी मराठीत सांगायला मावशींकडे वळले तर त्यांच्या निम्म्या भरून झाल्या होत्या.

“अहो, कांड्याच की ह्या,” मावशी म्हणाल्या. “लहानपणी घरात माग हुता. शाळंतनं आलं की आधी कांड्या भरायच्या, मग भाकरी.”

५ ऑक्टोबर

क्लॉथ स्टिचची पट्टी. सहा उभ्या जोड्या, एक धावती. धावती जोडी एकेका उभीतून क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस करत पलीकडे जाते, कडेला दोन ट्विस्ट, टाचणी, आणि परत. ओळ झाली की ओढ द्यायची, ती टाचणी लावल्यावरच. आधी ओढलं तर कड आत येते.

हे इंग्रजीत सांगताना माझी बरीच वाक्यं खर्च झाली. मावशींनी दोन ओळी केल्या, मान वर केली आणि म्हणाल्या, “ताई, ह्यो तर ताणा-बाणाच हाय की ओ. बाणा फिरतोय, ताणा उभा हाय.” अगदी तेच आहे. क्लॉथ स्टिचमधून निघतं ते साधं विणलेलं कापडच, एक दोरा वर एक खाली. मी ते इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं आणि नर्सने घरी जाऊन चहाचा टॉवेल भिंगाखाली बघितला म्हणे.

प्रत्येकाला एक ओळ मुद्दाम उसवायला लावली. कॉलेजमधल्या मुलीला आधी जिवावर आलं, चांगली झालेली ओळ कशाला मोडायची म्हणून. उसवून परत विणली ती आधीपेक्षा सरळ आली.

१२ ऑक्टोबर, दसरा

वर्ग सुट्टी. घरी शस्त्रपूजेत यंदा उशी ठेवली. नांगर-तलवारी आमच्या घरात कधी नव्हत्याच. वडील शिवणयंत्राची पूजा करायचे, मी उशीची केली. हळदीकुंकू कापडाला लागू नये म्हणून फुलं फक्त बाजूला.

१९ ऑक्टोबर

हाफ स्टिच. इथे सगळ्यांची गाडी अडते, दरवर्षी, प्रत्येक वर्गात, असं आमच्या बाईही म्हणायच्या. कारण असं की क्लॉथ स्टिचमध्ये धावत्या जोडीचे दोन्ही दोरे एकत्र पलीकडे जातात. हाफ स्टिचमध्ये जोडीतला एकच दोरा आडवा जातो, बाकीचे सगळे तिरके सरकत राहतात. त्यामुळे ओळीच्या मध्यात फोन वाजला, कुणी हाक मारली, की धावता दोरा कुठला ते हरवतं. म्हणून लाल मण्यांची बॉबिन. ती हातात आहे तोवर तुम्ही ओळीत आहात. लाल बॉबिन मधेच मागे राहिली तर तिच्यापर्यंत उसवा.

नर्सचा दोरा तुटला. बरं झालं, सगळ्यांना बघता आलं. गाठ मारायची नाही. नवा दोरा मागे एका टाचणीला अडकवायचा, जुन्याच्या बरोबरीने ठेवायचा, आणि काही टाचण्यांपर्यंत दोन्ही एक समजून विणायचं. मग जुना सोडून द्यायचा, टोकं शेवटी कापायची. हे क्लॉथ स्टिचमध्ये झाकलं जातं, उघड्या जाळीत दिसतं. तिचा हाफ स्टिचमध्ये तुटला होता. काय करायचं विचारलं तर ट्रकचालक म्हणाले, क्लॉथ स्टिच येईपर्यंत मागे जायचं. मी काही बोलायच्या आत.

२६ ऑक्टोबर

वर्गाऐवजी सगळे मिळून हिगिन्स संग्रहालयात. तिथे थॉमस लेस्टरच्या घराण्याचा संग्रह आहे. लेस्टर बेडफर्डचा लेसचा व्यापारी आणि नमुनाकार, १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने माल मांडला होता. त्याच सुमाराला माल्टाची लेस इकडे लोकांच्या नजरेत भरली आणि तिच्यावरून आजची बेडफर्डशायर लेस घडली. सलग जाळी नाही. वेण्या, गव्हाच्या दाण्याच्या आकाराची पानं, फुलं.

ही लेस नुसती हौशीने बदलली नाही. जॉन हीथकोटने १८०८-०९मध्ये बॉबिननेट यंत्राची पेटंटं घेतली. षटकोनी जाळी, जी विणायला बाईला दिवसच्या दिवस लागत, ती यंत्र वारावर काढू लागलं. १८१६मध्ये लफबरोच्या त्याच्या कारखान्यावर लुडाइटांनी, म्हणजे यंत्रांविरुद्ध उठलेल्या कामगारांनी, हल्ला करून यंत्रं फोडली आणि तो डेव्हनमध्ये टिव्हर्टनला गेला. बकिंगहॅमशायरची जाळीदार पॉइंट लेस त्या यंत्राशी कशी लढणार? वेण्या आणि पानं यांची लेस हाताला लवकर उरकते आणि सुरुवातीला यंत्राला जमतही नव्हती, म्हणून बायकांनी ती धरली. काही दशकांत यंत्राने तीही गाठली. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काचेपाशी उभ्या होत्या. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. त्यांच्या घरातला हातमाग वडिलांनी कधी विकला ते त्यांना आठवतं. “माग गेला, पर कांड्या आमच्याच हातात ऱ्हायल्या,” एवढंच म्हणाल्या.

वर्गातल्या मुलाने विचारलं, जुन्या काळी मुलं हे कधी शिकायची. पाचव्या वर्षापासून. लेस-शाळा असत, नावालाच शाळा, एका खोलीत मुलं उशीपुढे बसवलेली, तासाला इतक्या टाचण्या लावायच्या असा दंडक. टाचण्या मोजायला ती तालात गाणी म्हणत, त्यांना ‘टेल्स’ म्हणतात. संध्याकाळी एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेल्या काचेच्या कुप्या ठेवायच्या, म्हणजे एकेका उशीवर उजेडाचा ठिपका पडतो, आणि त्या ठिपक्यात विणायचं. १८६७च्या वर्कशॉप कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलांना अशा कामाला लावायला बंदी केली, १८७०च्या शिक्षण कायद्यानंतर लेस-शाळा हळूहळू बंद पडल्या. टेल्स ऐकायला गोड आहेत आणि लोक हल्ली त्या हौसेने म्हणतात. मला वर्गात त्या म्हणायच्या नाहीत. ती मुलांकडून काम पिळून घ्यायची मोजणी होती, आणि माझ्या वर्गात कुणी टाचण्या मोजणार नाही.

२ नोव्हेंबर

पाडवा. सुट्टी. गणिताच्या बाईंना चकलीचा डबा दिला, त्यांनी विचारलं हा नमुना कशावर टोचतात.

९ नोव्हेंबर

टॉर्शनची जाळी. दोन शेजारच्या जोड्या घ्यायच्या, हाफ स्टिच, टाचणी, हाफ स्टिच. मग खालची तिरकी जागा. आतापर्यंत सगळे आडव्या ओळीत विणत होते, आता तिरकं जायचं. उजव्या कडेपासून सुरू करून डावीकडे उतरायचं, परत वर जायचं, परत उतरायचं. टाचण्या किंचित मागे झुकवायच्या, कडेच्या बाहेर. सरळ रोवल्या तर ओढ बसली की वर येतात.

आज कळलं की उसवणं शिकवल्याचा फायदा फक्त धीर वाढण्यापुरता नाही. मागे जाणाऱ्याला प्रत्येक टाचणीपाशी ठरवावं लागतं की ही जोडी कुठून आली. त्याला लेस वाचावीच लागते. पुढे जाणाऱ्याचं नमुन्यावर बोट ठेवून निभतं. या वर्गातले सगळे जाळीत अडकले की आपोआप वाकून टाचणीजवळचे दोरे सुईने जरा उचलून बघतात. हे मी सांगितलेलं नाही. माझ्या वेळच्या वर्गात आम्ही हे दुसऱ्या वर्षी करायला लागलो होतो.

नर्सचं मात्र मत वेगळं आहे. तिच्या मते पहिला दिवस फार लांबला, दोऱ्यांचं उलटसुलट करून कंटाळा आला, हातात काहीतरी घेऊन घरी जायला हवं होतं. रात्रपाळी करून येणाऱ्या माणसाला ते हवं असणार, पटलं. जानेवारीत पहिल्या दिवशी दोऱ्यांचा भाग अर्ध्यावर आणून उरलेल्या वेळात चार जोड्यांची छोटी वेणी करायची. सत्राच्या शेवटी विणायच्या बुकमार्कच्या टोकाला ती लागतेच.

१६ नोव्हेंबर

स्पायडर, म्हणजे लेसमधला कोळी! याची सगळे वाट बघत होते. जाळीतून आलेल्या जोड्यांना तीन-तीन ट्विस्ट दिले की त्या पायांसारख्या दिसतात. मग डावीकडच्या जोड्या उजवीकडच्यांतून क्लॉथ स्टिचने पार न्यायच्या, मधोमध एक टाचणी, परत तसंच पार न्यायचं, आणि पायांना पुन्हा पीळ. पोट गोल यायचं तर मधली टाचणी लावल्यावर सगळ्या जोड्या एकदम आणि सारख्या ओढाव्या लागतात. ट्रकचालकांचा पहिला स्पायडर वर्गात सगळ्यांत गोल आला. त्यांनी त्याचा फोटो मुलीला पाठवला, ऑस्ट्रेलियात.

२३ नोव्हेंबर

परवा, २५ला, सेंट कॅथरीनचा दिवस. या भागात लेसवाल्या बाया त्याला ‘कॅटर्न’ म्हणत आणि त्या दिवशी सुट्टी घेत. काही गावांत ३० नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूचा दिवस, ‘टँडर्स’. लोक सांगतात की आठव्या हेन्रीची टाकून दिलेली राणी, ॲरागॉनची कॅथरीन, इथून जवळच्या अँप्टहिलला होती तेव्हा तिने इथल्या बायांना लेस शिकवली. ती तिथे काही काळ राहिली हे खरं. लेसचा भाग दंतकथा. तरी वर्गात कॅटर्न केक आणले, त्यात शहाजिरं असतं. मावशींनी एक तुकडा खाऊन दुसरा मागून घेतला.

त्यांनीच विचारलं, “आपल्याकडं हाय का ओ ह्ये कुठं?”

आहे. पार दक्षिणेला, नागरकोइलला. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी तिथल्या मुलींच्या शाळेत हे काम सुरू केलं. त्यांची मुलगी एलिझा हिचं लग्न रॉबर्ट कॉल्डवेलशी झालं, द्राविड भाषांचं तौलनिक व्याकरण लिहिणारा तोच. तिने इडैयनगुडीला मुलींना लेस शिकवली. म्हणजे इंग्लंडातली ही कला कन्याकुमारीच्या बाजूला जाऊन दोनशे वर्षं होत आली. इचलकरंजीहून तिथे जाता येतं, बेडफर्डला यायची गरज नव्हती, असं मावशींची सून म्हणाली. मावशी म्हणाल्या, एकदा जाऊ.

७ डिसेंबर

सत्राचा शेवटचा वर्ग. नर्स आणि गणिताच्या बाईंचे बुकमार्क उशीवरून उतरले. उतरवताना टाचण्या एकेक सरळ वर काढायच्या, तिरक्या ओढल्या तर कडेचे फास लांबतात. मुलाचा निम्मा राहिलाय, त्याला उशी घरी दिली. मुलीने मधेच स्वतःचा नमुना आलेख कागदावर काढायला घेतलाय. त्यात एका ठिकाणी दोन जोड्या आत येतात आणि तीन बाहेर पडतात. तिला ते सांगितलं नाही, विणायला लागली की त्या टाचणीपाशी तिचं तिलाच दिसेल, आणि मागे कसं जायचं ते तिला येतं.

मावशी १७ तारखेला परत जाणार. त्यांचं काम उशीवरच राहू द्यायचं ठरवलं. बॉबिन्स ओळीने लावून कापडात घट्ट गुंडाळल्या, कापड टाचण्यांनी उशीला पक्कं केलं, वर दुसरं कापड. टाचण्या आहेत म्हणून सामान चेक-इनमध्ये जाईल. तिकडे मोठी उशी लागली तर लाकडाचा भुसा ठासून, मांजरपाटाचा दुहेरी अभ्रा घालून, लोडासारखी शिवून घ्या असं सांगितलंय. भुसा पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर टाचण्या गंजतात. टाचण्या पितळी किंवा स्टेनलेसच्या, साध्या लोखंडी नकोत. काम महिन्याहून जास्त थांबणार असेल तर विणून झालेल्या भागातल्या टाचण्या काढून टाकायच्या, फक्त शेवटच्या चार बोटांतल्या ठेवायच्या.

पॉइंट लेसचा नमुना त्यांनी मागितला होता, तो आत्ता दिला नाही. त्याला दोरा फार बारीक लागतो आणि जाळीचा कोनही टॉर्शनसारखा सोपा नाही. पंखा आणि स्पायडर एकत्र असलेली रुंद कड टोचून दिली, अकरा जोड्यांची. अडलं तर फोटो पाठवतील, उशीचा वरून आणि टाचण्यांचा जवळून, असे दोन.

जानेवारीच्या वर्गाला आठ जणांची नावं आलीत. एथाफोमच्या आणखी दोन चकत्या आणायच्या, लाल मणी संपलेत तेही.